पूर्ववत करून देणारे घरमालक

उद्या प्रलय झाला आणि पाणी ओसरल्यावर ही पृथ्वी पुन्हा होती तशी लावून ठेवायची वेळ आली, तर ते काम आमच्या गोंदियाजवळच्या फुलचूरच्या घरमालकांखेरीज दुसऱ्या कोणाला जमेल असं मला वाटत नाही. त्यांची स्मरणशक्ती फार दांडगी होती अशातला भाग नाही. चष्मा कुठे ठेवला हे त्यांना रोज काकूंना, म्हणजे त्यांच्या बायकोला, विचारावं लागे. पण जे जसं होतं ते वापरून झाल्यावर तसंच परत झालं पाहिजे, यावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी मी कोणाची कशावरच पाहिलेली नाही. ते निवृत्त मुख्याध्यापक होते. सगळी कॉलनी त्यांना गुरुजी म्हणे, आणि आम्हीही पहिल्या दिवसापासून गुरुजीच म्हणायला लागलो.

आम्ही त्यांचं वरच्या मजल्यावरचं घर पाहायला गेलो तेव्हा भाड्याचं ते नंतर बोलले. आधी त्यांनी माझ्या नवऱ्याला विचारलं, "खिळे किती ठोकाल?" नवरा रेल्वेत, त्याला चौकशांची सवय, तो म्हणाला, "एखादा, कॅलेंडरपुरता." गुरुजी समाधानाने म्हणाले, "ठोका जी. पण जाताना भिंत पूर्ववत." हा त्यांचा आवडता शब्द. शाळेत असताना निवडणुकीच्या कामात तो त्यांच्या जिभेवर बसला असावा. मतदानासाठी शाळेतले बाक बाहेर काढायचे, पेट्या रवाना झाल्या की पुन्हा आत लावायचे, हा प्रकार इतर शाळांमध्ये चार माणसं तासाभरात उरकून टाकतात. गुरुजींच्या शाळेत प्रत्येक बाकाच्या पायाशी खडूची खूण असे, आणि दुसऱ्या दिवशी पोरं वर्गात येत तेव्हा ज्याचं नाव ज्या बाकावर कर्कटकाने कोरलेलं असेल तो बाक त्याच्याच बुडाखाली येई. बुद्धविहारात रविवारची वंदना झाली की सतरंज्यांच्या घड्या तेच घालत, आणि त्या जुन्या घडीवरूनच पडल्या पाहिजेत असा त्यांचा कटाक्ष असे. आमच्याकडून वाटीभर साखर नेली तर परत येणारी साखर वाटीच्या त्याच रेघेपर्यंत असायची. काकूंनी एकदा मला फाटकाशी उभं राहून सांगितलं, "आमच्या लग्नात वरात निघाली तरी हे दिसे नाई. पाह्यलं तं मांडवाच्या डांबांचे खड्डे बुजवून राहिले होते. मैदान सारखं केलं, मंगच मले घरी आनलं."

अशा माणसाच्या हाती निवृत्तीनंतर कॉम्प्युटर लागला. केलेली चूक एका बटणाने मागे घेता येते, फेकलेली फाईल कचऱ्याच्या डब्यातून जशीच्या तशी परत आणता येते, हे कळल्यावर ते दोन दिवस कोणाशी नीट बोललेच नाहीत म्हणतात. तिसऱ्या दिवशी काकूंना म्हणाले, "माणूस लई उशिरा शहाणा झाला." मग ते शिकत गेले. बाजारातल्या एका क्लासमध्ये त्यांच्याच जुन्या विद्यार्थ्यांच्या पोरांबरोबर पहिल्या बाकावर बसून शिकले, उरलेलं नेटवर वाचून शिकले, आणि आम्ही राहायला गेलो तोवर, म्हणजे २०१०च्या सुमाराला, कॉलनीत कोणाचाही कॉम्प्युटर बसला की गुरुजींना हाक जाऊ लागली होती.

त्यातही त्यांचा खास विषय पेन ड्राईव्ह. त्या काळात जो तो पेन ड्राईव्हवरून विंडोज टाकायला शिकला होता. सीडी बाद होत चालल्या होत्या; पेन ड्राईव्ह 'बुटेबल' करायचा, म्हणजे कॉम्प्युटर त्याच्यावरूनच सुरू होईल असा करायचा, आणि झालं काम. पण एकदा असा केलेला पेन ड्राईव्ह नंतर नीट वागत नाही. आठ जीबीचा असला तर कधी दोनशे एमबीच दाखवतो, कधी गाणी टाकू देत नाही, कधी कॉम्प्युटर त्याला ओळखतच नाही. लोक तो खराब झाला म्हणून फेकून देत. गुरुजींना हे सहन होत नसे. "खराब नाही झाला जी," ते म्हणत. "शाळेत मतदान झालं म्हणून शाळा काय जन्मभर मतदान केंद्र राहते? बाक आत लावा, घंटा वाजवा, शाळा सुरू." मग ते कॉम्प्युटरवर काळी खिडकी उघडत, त्यात एका बोटाने इंग्रजी आज्ञा लिहीत, जोडलेल्या डिस्कांची यादी आणत आणि मोठ्याने म्हणत, "शून्य नंबर कॉम्प्युटरची स्वतःची डिस्क. तिला हात लावू नये." फलाटावर गाडीची सूचना देतात त्या सुरात, खोलीत दुसरं कोणी नसलं तरी म्हणत. मग आकार पाहून पेन ड्राईव्ह निवडायचा, साफ करायचा, त्यावर नवा भाग पाडायचा आणि फॉरमॅट करायचा. फॉरमॅटच्या चौकटीत 'क्विक' अशी एक खूण आधीच केलेली असते. ती ठेवली की काम मिनिटात होतं. गुरुजी ती खूण काढून टाकत. घाईचं काम त्यांना फसवाफसवीचं वाटे. "वरवर झाडलं म्हणजे खोली स्वच्छ होते काय?" पूर्ण फॉरमॅट व्हायला वेळ लागे, तेवढ्यात काकू चहा करत, आणि ज्याचा पेन ड्राईव्ह असेल त्याला घरच्यांच्या तब्येतीपासून सगळं सांगूनच सुटका मिळे.

मी तेव्हा गोंदियाच्या एका कॉलेजात तासिका तत्त्वावर मराठी शिकवत होते. कायम व्हायचं तर पीएच.डी. हवी, म्हणून रोवणीच्या, म्हणजे भातलावणीच्या, गाण्यांवर काम करत होते. माझं माहेर अर्जुनी मोरगावकडे, प्रतापगडाच्या अलीकडचं एक गाव. धान रोवताना तिथल्या बाया गातात ती गाणी मी दोन पावसाळे फोनवर रेकॉर्ड करत फिरले होते. फोनचं कार्ड लहान, म्हणून रेकॉर्डिंग कॉम्प्युटरवर टाकून फोन मोकळा करायचा असं चाललं होतं. गाणी उतरवून घेतली होती, प्रकरणं टाईप होत आली होती. मार्गदर्शकांकडे फक्त पहिलं प्रकरण गेलं होतं. बाकी सगळं माझ्या त्या जुन्या कॉम्प्युटरच्या पोटात.

आणि जूनच्या शेवटी त्या पोटात व्हायरस शिरला. फायली उघडायला अर्धा अर्धा तास लागायला लागला. गुरुजी वर आले, खुर्ची ओढून बसले, आणि तपासून म्हणाले, "विंडोज नवीन टाकावी लागते. पहिले तुमचं सामान बाहेर काढून घेऊ." त्यांनीच मला काही महिन्यांपूर्वी आठ जीबीचा काळा पेन ड्राईव्ह घेऊन दिला होता. स्वतःसाठीही त्याच दुकानातून तसाच घेतला होता, आणि गल्लत नको म्हणून आपल्याला लाल दोरा बांधला होता. माझी सगळी रेकॉर्डिंग, सगळी प्रकरणं त्यांनी माझ्या पेन ड्राईव्हवर घेतली, दोन-तीन गाणी वाजवून खात्री केली, मग खाली जाऊन आपल्या कॉम्प्युटरवर त्यातला व्हायरसही काढून टाकला. त्यानंतर स्वतःचा पेन ड्राईव्ह बुटेबल करायला घेतला. त्यांच्या कॉम्प्युटरची पेन ड्राईव्हची खाच झाकणाच्या आत होती. दोरा आड येत होता, म्हणून त्यांनी तात्पुरता सोडून ठेवला. काम झालं की पुन्हा बांधायचाच होता. टेबलावर दोन काळे पेन ड्राईव्ह शेजारी शेजारी पडले होते.

मला हे सगळं अर्थातच नंतर समजलं. त्या दिवशी मी कॉलेजातून आले तेव्हा गुरुजी माझ्या कॉम्प्युटरपुढे बसले होते आणि पडद्यावर नवीकोरी विंडोज होती. व्हायरसचा मागमूस राहायला नको म्हणून त्यांनी माझी डिस्क सकाळपासून पूर्ण धुऊन काढली होती, क्विकची खूण अर्थातच न ठेवता. काम झाल्यावर तो पेन ड्राईव्हही रीतीप्रमाणे साफ करून, पूर्ण फॉरमॅट करून, आठच्या आठ जीबीचा करून ठेवला होता. वर लाल दोराही बांधून झाला होता. "आता तुमचं सामान आत लावू," ते प्रसन्न चेहऱ्याने म्हणाले आणि दुसरा पेन ड्राईव्ह खोचला.

पडद्यावर फोटो आले. बाकांच्या रांगा, विहारातल्या घडी घातलेल्या सतरंज्या, कोणाच्या तरी लग्नाचा मांडव काढल्यावरचं मोकळं मैदान. गुरुजींनी एक फोटो उघडला, बंद केला, दुसरा उघडला. मग त्यांनी टेबलावरचा दोरा बांधलेला पेन ड्राईव्ह उचलला आणि बराच वेळ हातात धरून ठेवला.

"मॅडम," ते म्हणाले, "हा तुमचा आहे."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा मी उठले. स्वयंपाकघरात जाऊन भात टाकला. भाताला तेव्हा काही घाई नव्हती. गुरुजी दाराशी येऊन उभे राहिले. "मी पूर्ववत करतो जी," ते म्हणाले. मी पाठमोरीच म्हणाले, "होत नाही ते, गुरुजी." ते जिना उतरून गेले. त्यांची पावलं मी मोजत बसले नाही, पण इतका हळू जिना उतरताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पुढचे काही दिवस खालच्या घरात एकच उद्योग चालू होता. गेलेल्या फायली शोधून काढणारे जेवढे प्रोग्राम नेटवर मिळाले ते सगळे गुरुजींनी लावून पाहिले. पेन ड्राईव्ह घाईघाईत पुसला असता तर निम्मं-अर्धं तरी हाती लागलं असतं. पण गुरुजींचं काम पक्कं होतं; त्यांनी पुसलेलं त्यांनाही सापडेना. काकू वर यायच्या, माझ्याजवळ बसायच्या, न सांगता मेथी निवडायला घ्यायच्या. "जेवत नाई जी ते," एवढंच म्हणायच्या. मला राग होता, नव्हता असं नाही. पण जो माणूस वाटीतली साखर रेघेपर्यंत मोजून परत देतो, त्याच्याकडून काय हरवलं आहे हे त्याला आपण वेगळं काय सांगणार?

आणि एका सकाळी फाटकाशी स्कूटरचा आवाज आला. मी खाली पाहिलं. गुरुजी रेनकोट, टोपी, पायात प्लास्टिकचे बूट घालून उभे. काकूंनी डबा स्कूटरच्या हुकाला अडकवला होता. "चला," गुरुजी खालूनच म्हणाले. मी विचारलं, "कुठे?" ते म्हणाले, "तुमच्या माहेरी. मशीनमधून गेलं जी, बायांच्या तोंडातून तं नाही ना गेलं."

त्या पावसाळ्यात, जेव्हा जेव्हा मला सुट्टी असे तेव्हा तेव्हा, आम्ही त्या स्कूटरवरून गावोगाव हिंडलो. मी पहिल्यांदा एकटी फिरत असे तेव्हा बाया दोन-चार गाणी म्हणत आणि कामाला लागत. या वेळी सोबत एक मास्तर होता, त्यामुळे वेगळाच पेच झाला. माझ्या माहेरच्या शेजारच्या गावात सायत्राबाई म्हणून एक म्हातारी होती, सगळ्या बायांची म्होरकी. गुरुजी बांधावर छत्री धरून उभे राहिले, मी फोन पुढे केला, आणि सायत्राबाई ओणवी होती तशीच मान वर करून म्हणाली, "बांधावर उभं राहून गानं नाई भेटत, गुरुजी. उतरा." गुरुजींनी बूट काढले, मोजे खिशात ठेवले, पँट गुडघ्यापर्यंत दुमडली आणि उतरले. ते चिखलात उभे राहून धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपं, हातात घेऊन रोवायला लागले तेव्हा बायांची हसून पुरेवाट झाली. प्रार्थनेला पोरं उभी करावी तशी त्यांची रांग सरळ. सायत्राबाई म्हणाली, "येवढं मोजून रोवाल तं दिवाळी इथंच होते." पण गाणी सुटली. एकीने म्हणावं, दुसरीने उचलावं, गुरुजींनी कंबर धरून मध्येच उभं राहावं, आणि फोन माझ्या हातात.

पहिल्या पावसाळ्यात सायत्राबाईनं गायलेलं एक गाणं मला तोंडपाठ होतं:

बांधीत पानी, पान्यात पऱ्हे,
भावाच्या वाटेले लागले डोरे.

बांधी म्हणजे धानाचं शेत; भावाच्या वाटेकडे डोळे लागले. या वेळी ती गायली तेव्हा शेवटी 'थकले डोरे' म्हणाली. गुरुजींनी गाडीवर बसल्या बसल्या ते गाणं माझ्याकडून ऐकलेलं होतं. त्यांनी काम थांबवलं. "बाई," ते अगदी नम्रपणे म्हणाले, "मागं तुमी 'लागले' म्हटलं होतं म्हणते मॅडम. जे होतं तेच म्हणा जी."

सायत्राबाईनं हातातले पऱ्हे पाण्यात रोवले, आणि म्हणाली, "तवा लागले होते, गुरुजी. आता थकले."

तिचा भाऊ छत्तीसगडात कामाला गेला होता, तो दोन वर्षांत आला नव्हता. हे आम्हाला दुसऱ्या बाईनं बांधावर जेवताना सांगितलं. गुरुजींनी भाकरीचा घास हातात धरून ते ऐकलं. घरी आल्यावर गाडी उभी करता करता म्हणाले, "म्हणजे हे पूर्ववत नाही झालं, मॅडम." मी म्हटलं, "नाही झालं. पण गुरुजी, हे त्याच्याहून चांगलं आहे." त्यांनी मान हलवली. ते त्यांना पटलं नाही हे मला दिसत होतं.

माझ्यासाठी मात्र ते खरंच होतं. पहिल्या वेळची सगळी गाणी मला जशीच्या तशी मिळाली असती तर मी आणखी एक संग्रह केला असता आणि कपाटात ठेवला असता. आता माझ्याकडे तीच बाई, तेच गाणं आणि मधल्या काळात बदललेला एक शब्द होता. तसे शब्द मग मी शोधतच गेले. एकीची सासू वारली म्हणून कडव्यातून सासू गेली होती, एकीच्या लेकीचं लग्न झालं म्हणून गाण्यात नवं गाव आलं होतं. प्रबंधाचं सगळ्यात चांगलं प्रकरण त्यातून झालं. तोंडी परीक्षेला आलेल्या बाहेरच्या प्राध्यापकांनी याच प्रकरणाबद्दल विचारलं, "तुम्हाला त्याच बायांकडे दुसऱ्यांदा जाण्याची कल्पना कशी सुचली?" गुरुजी मागच्या रांगेत इस्त्रीच्या शर्टात बसले होते. मी म्हटलं, "माझ्या घरमालकांमुळे." त्यांनी मान खाली घातली. संध्याकाळी काकूंनी पुरणपोळ्या केल्या, आणि मी गुरुजींच्या पाया पडायला वाकले तर ते दोन पावलं मागे सरले. "काऊन जी," ते म्हणाले, "नुकसान मी केलं, अन् पाया तुमी पडता?" मी पडलेच.

मला नोकरी लागली, पुढे नवऱ्याची बदली बिलासपूरला झाली, आणि मीही तिकडेच एका कॉलेजात गेले. तिथं मराठी ऐकायला मिळायची नाही. पण दरवर्षी पावसाळा लागला की गुरुजींचा फोन यायचा. ते एकटेच सायत्राबाईच्या गावाकडे जाऊन यायचे, गुडघे दुखायला लागले तेव्हा स्कूटरऐवजी एसटीने, आणि कोण काय गायली ते सांगायचे. चाल त्यांना येत नसे, शब्द तेवढे ते हजेरी घेतल्यासारखे वाचून दाखवायचे, आणि शेवटी विचारायचे, "जुनं काही सापडलं काय, मॅडम?" मला कळायचं, की त्यांच्या लेखी ते काम अजून संपलेलं नाही. मी दर वेळी म्हणायचे, "सापडतंय, गुरुजी. आणखी ऐका." एका वर्षी सायत्राबाईचा भाऊ आल्याची बातमी त्यांनी मला दिली, तेव्हा त्यांचा आवाज इतका मोकळा होता, की वाटलं, आता तरी ते स्वतःला सोडतील.

मागच्या हिवाळ्यात गुरुजी गेले. आम्ही दोघं जाऊन आलो. विहारात माणसं मावत नव्हती. जवळजवळ प्रत्येकाकडे सांगण्यासारखं काहीतरी होतं. कोणाचा पंखा, कोणाची सायकल, कोणाचा पेन ड्राईव्ह. बराच वेळ लोक हसत होते आणि डोळे पुसत होते.

यंदा जुलैत, पाऊस चांगला लागल्यावर, त्यांच्याच नंबरवरून फोन आला. मी उचलला. पलीकडे काकू होत्या. "मॅडम, मी बोलून राहिली," त्या म्हणाल्या. "तिकडं रोवणे लागले म्हन्ते. हे असते तं यायनं फोन केला असता. म्हून मी केला."

मी त्यांच्या तब्येतीचं विचारलं. वरच्या घरात नवे भाडेकरू आलेत, चांगले आहेत, म्हणाल्या.

"एक सांगू काय जी?" त्या म्हणाल्या. "हे गावोगाव फिरले, पन मले कधी इचारलं नाई. मीबी सांगतलं नाई. माह्या मायचं एक गानं मले येते. लहान होती मी, तिच्या मांगं मांगं रोवाले जाऊ."

किती वर्षं मी त्यांच्या डोक्यावर राहत होते, त्या माझ्याजवळ बसून मेथी निवडत होत्या.

"म्हणा ना, काकू," मी म्हटलं.

"आता? फोनवर?"

"आताच म्हणा."

त्यांनी फोन बाजूला ठेवल्याचा आवाज आला. उठून दार लोटलं असावं, वरच्या भाडेकरूंना ऐकू जाऊ नये म्हणून. मग परत आल्या, खाकरून गळा साफ केला, आणि अगदी बारीक आवाजात, मध्येच थांबत, आठवत, गायला लागल्या.